दहातले सात

अतिदक्षता विभागातल्या नर्सेस डॉक्टरीणबाईंना पाठीमागे ज्योतिषीणबाई म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. बदललेल्या किडनीला सांभाळणाऱ्या औषधांनी माणसाची प्रतिकारशक्ती निम्मी होते. मग धडधाकट माणसाच्या वाटेला न जाणारी बुरशी त्याची फुप्फुसं गाठते आणि न्यूमोनिया होतो. अशा रुग्णांचे दहा वर्षांचे कागद उपसून बाईंनी एक तक्ता बनवला होता. वय, रक्तातला ऑक्सिजन, उपचाराला झालेला उशीर, आणखी दोन तपासण्या. बेरीज केली की जगण्याची शक्यता समोर. तक्ता सहसा दगा देत नसे.

असेच दाखल झालेल्या शिंपीकाकांची बेरीज चांगली आली. असे दहातले सात घरी जातात. बाईंनी ते काकांच्या बायकोला सांगून टाकलं, काकांनाही सांगितलं. पण धाप काही कमी होईना. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचं ठरलं, तेव्हा काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला ओढला.

"डॉक्टर, माझ्या ताईला एक फोन लावता? दोनच मिनिटं."

"कशाला दम घालवताय? नळी निघाली की तासभर बोला. तुम्ही त्या सातांतले आहात, काका."

"तीन वर्षं बोललो नाहीये हो तिच्याशी."

"मग आणखी आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

काका हसले आणि मास्क त्यांनी स्वतःच नीट लावला. दोन मिनिटं सोडा, चांगली दहा मिनिटं हाताशी होती. भूल देणारे डॉक्टर अजून खालच्या मजल्यावर होते. बाईंनी तेवढ्यात दुसऱ्या रुग्णाचे कागद उरकले.

अकराव्या दिवशी काका गेले.

दुपारी ताई आल्या. काकांच्या अंगातली किडनी यांचीच. बाईंच्या समोर बसून त्या आपणहून बोलू लागल्या.

"ऑपरेशन झाल्यापासून मी त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. पाणी पी, गोळी घे, माझ्या किडनीला जप. एकदा चारचौघांत वैतागून म्हणाला, घे बाई परत तुझी किडनी. मी बोलणंच टाकलं." मग त्यांनी विचारलं, "शेवटी माझं नाव काढलं का हो त्यानं?"

काढलं, एवढं म्हणून बाईंना सुटता आलं असतं.

"नळी घालायच्या आधी त्यांनी तुम्हाला फोन लावायला सांगितलं होतं. मी म्हटलं, नंतर बोला. चुकलं माझं."

ताई रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. ताईंनी नुसता चष्मा काढून पदराला पुसला.

"त्याच दिवशी त्याच्या बायकोनं मला कळवलं होतं. लगेच या, म्हणाली. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? तर म्हणे, दहातले सात वाचतात." त्यांनी चष्मा परत लावला. "म्हटलं, वाचतोय ना? मग घरी येऊन आधी त्यानं फोन करू दे."

बाईंनी टेबलावरचा तक्ता बाजूला सारला.

"तुम्ही तीन म्हणाला असतात ना डॉक्टर," ताई म्हणाल्या, "तर मी अनवाणी धावत आले असते."