बांधलेला जबडा

मेहुण्याने तोंडावरचा वायुरोधक मुखवटा ओरबाडून काढला, तेव्हा बंबवाल्याने त्याच्या जबड्यावर ठोसा मारला.

रॉकेटच्या टाकीत भरायचं द्रव्य नळीचा सांधा फुटून उसळलं होतं. त्याच्या वाफेचा विटकरी ढग रॉकेटखालच्या खोल खड्ड्यात पसरला होता. ओलावा मिळाला की या वाफेचं आम्ल होतं, मग तो ओलावा डोळ्यातला असो की फुप्फुसातला. भरणीच्या टोळीतले बाकीचे शिडीने वर आले. मेहुण्याचा मात्र धीर सुटला. त्याला न्यायला खाली उतरलेल्या बहिणीच्या नवऱ्यालाच तो लाथा घालत होता. दुसऱ्या ठोशाला हाड मोडल्याचं बंबवाल्याच्या मुठीला कळलं. अंग सैल पडताच त्याने मुखवटा पुन्हा चढवला आणि मेहुण्याला खांद्यावर टाकून वर आणलं.

दवाखान्यात जबडा बांधला. दुपारी मेहुणा बरा दिसत होता. बहीण आली, तेव्हा त्याने नुसता हात हलवला. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा वायू उशिरा दगा देतो, आज घरी नेऊ नका.

संध्याकाळी त्याला धाप लागली. तोंडाला गुलाबी फेस आला. चौघांनी धरूनही तो आवरेना. पलंगाचा कठडा त्याने उपटला. फुप्फुसं पाण्याने भरून कोरड्या खोलीत तो बुडून मेला.

बाहेर येताच बायकोने बंबवाल्याला मारायला सुरुवात केली. छातीवर, तोंडावर. ओठ फाटला. पहारेकरी धावला, त्याला बंबवाल्याने हातानेच थांबवलं.

"जबडा मोडलात त्याचा," ती म्हणाली. "जाताना माझ्याशी बोलताही आलं नाही त्याला."

ठोसा मारला नसता तर दोघंही खड्ड्यातच राहिलो असतो, हे त्याला सांगता आलं असतं. त्याने फाटलेला ओठ बाहीला पुसला.

हात थकल्यावर ती बाकावर बसली. तो भिंतीला टेकून उभा होता. तिने विचारलं, "वर आणल्यावर काही बोलला का?"

"जबडा बांधेपर्यंत शिव्या देत होता मला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, असल्या रेड्याबरोबर ताई संसार कसा करते कोण जाणे."

तिच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथेच अडकलं. पालथ्या हाताने डोळे पुसून ती बाकावर थोडी सरकली.