छातीवरचा हात

ठेव ती बॅग खाली, बाबा. खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो नमाज आटपून, सासरी जाऊन, पोटभर जेवून, एक झोप काढून मगच उगवणार. कैरोत शुक्रवारी दुपारी माणूस हाती लागत नाही, किल्लीचं तर सोडूनच दे. बस त्या खुर्चीवर. तिचा एक पाय लंगडा आहे, भिंतीला टेकव म्हणजे पडणार नाहीस. चहा घे. तोवर तुला एकाची गोष्ट सांगतो. तुझ्याच मुलखातला होता. तुला जी खोली मिळायची आहे त्याच खोलीत, गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याला लागून सहा वर्षं काढली त्याने.

लामाराना त्याचं नाव. गिनीतल्या लाबे गावचा. विशीत आला इथे, धर्म शिकायला. अंगाने काडी, पण उंच इतका की माझ्या या चहाच्या दुकानात शिरताना कमरेत वाकायचा. अरबी त्याला आधीपासून येत होती, पण ती पुस्तकातली. बाजारात कांदे मागायचा तेसुद्धा शुक्रवारच्या प्रवचनासारखे. तो बोलून थांबला की भाजीवाला डोळे मिटून "आमीन" म्हणायचा. दोन महिन्यांत गल्लीने त्याचा मौलाना करून टाकला.

बाकीचे दिवस बरे जायचे त्याचे. वर्ग, पुस्तकं, वर्गात त्याच्यासारखेच पन्नास देशांचे पोरगे. पण शुक्रवार आला की अंगावर यायचा. नमाज सुटली की सगळी गल्ली घराघरांत शिरते. खिडक्यांतून ताटल्या वाजतात, पोरं भांडतात, बाया ओरडतात. आणि हा एकटा जिना चढून वर जायचा आणि कबुतरांकडे बघत कोरडी रोटी चावायचा. संध्याकाळी आईचा फोन यायचा. ती दुसरं काही विचारायची नाही. "आज कुणाबरोबर जेवलास?" एवढंच. तुमच्याकडे तर एकट्याने जेवणं म्हणजे आजारी माणसाचं काम, हे तुला मी काय सांगू. तो काहीतरी थाप मारायचा आणि फोन ठेवायचा.

ते समोर इस्त्रीचं दुकान दिसतंय ना, ते बयूमीकाकांचं. अजून तोंडात पाणी धरून कपड्यावर फवारा मारणारा अख्ख्या मोहल्ल्यात हा एकच म्हातारा. त्याची बायको झीनतकाकू. मूलबाळ नाही. मागे एक खोली, पुढे दुकान, आणि शुक्रवारी दोघं दुकानातच, दार सताड उघडं टाकून, जमिनीवर जेवायला बसायची.

आता आमच्याकडची एक रीत ऐक. दार उघडं टाकून जेवत असलो तर समोरून जाणाऱ्याला "या, बिस्मिल्ला करा" म्हणायचं. कुणीही असो, पोलीस असो की वीजबिलवाला. त्याने काय करायचं, छातीवर हात ठेवायचा, "तुमच्या अंगी लागो, आत्ताच जेवलो" म्हणायचं आणि चालू पडायचं. आपण पुन्हा म्हणायचं, तो पुन्हा नाही म्हणणार. आपण देवाची शपथ घालायची, तो मान हलवून पुढे. कुणी बसत नाही. बसायचं नसतंच.

एका शुक्रवारी लामाराना नमाजाहून परत येत होता. काका म्हणाले, या मौलाना, बिस्मिल्ला. तो थांबला, चपला काढल्या, नळावर हात धुतले आणि बसला.

मी इथून बघत होतो. काकांचा घास हातातच राहिला. भात भरलेल्या मिरच्या होत्या, मोजून चार. झीनतकाकूने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. मग काकू म्हणाली, मला आज भूकच नाही.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला. हात आधीच धुतलेले. म्हाताऱ्याला बोलवावं तर लागलंच, रीत आहे. हा बसला. काकू माझ्या बायकोकडे येऊन करवादली, या काळ्या उंटाला कुणी काही शिकवलंच नाही का म्हणून. पण चौथ्या शुक्रवारी बघतो तर मिरच्या आठ. सहाव्या शुक्रवारी मुलूखिया. ती हिरवी बुळबुळीत भाजी, लसूण आणि धण्याची फोडणी दिलेली. त्याने एक घास खाल्ला आणि हात थांबवला. काकू घाबरली, खारट झाली की काय. तो म्हणाला, माझी आई कसाव्याच्या पाल्याची करते, अशीच लागते. काकूने पातेलं उचलून त्याच्यासमोर ठेवलं.

नंतर नंतर तर गंमत झाली. तुमच्याकडे वडीलधारा माणूस भांड्यातला मांसाचा तुकडा बोटाने धाकट्याकडे सरकवतो, हे त्याने काकांना सांगितलं. म्हातारा हसला. आणि पुढच्या वेळी सरकवला. काकू तिसरी ताटली आधीच मांडून ठेवायला लागली. नमाजाहून यायला त्याला जरा उशीर झाला तर दारात येऊन उभी राहायची, आणि तो दिसला की, "मौलाना, प्रवचन तू देत होतास काय? भात गार झाला."

आईने विचारलं की तो आता सांगायचा, माझ्या माणसांबरोबर जेवलो. दीड वर्ष चाललं हे.

आणि मग मी तोंड उघडलं.

गुरुवार होता. दुकान भरलेलं. लामाराना चहा पीत उभा होता. मला गिऱ्हाईक हसवायची खोड, दुकान त्यावरच चालतं. मी म्हटलं, "काय मौलाना, उद्या काय बेत? काकूने मिरच्या किती भरायच्या ते आत्ताच सांगून ठेव बाबा, बिचारी पहिल्या दिवशी उपाशी राहिली होती."

सगळे हसले. तोही हसला, आपला इतरांचं बघून. मग गर्दी पांगल्यावर जवळ आला आणि हळूच विचारलं, काकू उपाशी का राहिल्या होत्या?

तेव्हाही मला गप्प बसता आलं असतं. मी त्याला सगळी रीत समजावली. अगदी छातीवर हात कसा ठेवायचा, मान किती झुकवायची, करून दाखवलं. वाटलं, पोराचं भलं करतोय. त्याने पुरतं ऐकून घेतलं. अर्धा चहा तसाच ठेवला. "शुक्रन," म्हणाला, आणि वाकायला विसरला. छपराची पट्टी कपाळावर बसली.

दुसऱ्या दिवशी नमाज सुटली. काकांनी हाक मारली, "ये रे, बिस्मिल्ला."

लामाराना रस्त्यात थांबला. छातीवर हात ठेवला. "तुमच्या अंगी लागो काका, आत्ताच जेवलो," म्हणाला. अस्सल आमच्या गल्लीच्या बोलीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

काका म्हणाले, अरे ये. तो नाही म्हणाला. काकांनी देवाची शपथ घातली. त्याने मान झुकवली. काकू उठून दारात आली, म्हणाली, "पोरा, मी खरंच सांगतेय."

आता तूच बघ, खरंच सांगतेय हेही आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. त्या वीजबिलवाल्यालासुद्धा. खोट्या बोलावण्यात आम्ही सगळे चांगले शब्द वापरून टाकले होते. म्हाताऱ्यांना खरंच बोलवायचं होतं आणि त्यांच्याकडे वेगळा शब्दच उरला नव्हता.

तो जिना चढून वर गेला.

पुढची चारेक वर्षं दर शुक्रवारी हेच. ते बोलवायचे, तो हात ठेवायचा. मी एकदा त्याला म्हटलं, अरे बस की, त्यांना आवडतं. तर म्हणाला, तुम्हीच शिकवलंत. रागाने बोलला नाही, तेच तर लागलं मला. मी काकांना सांगितलं, हात धरून बसवा. काका म्हणाले, तो आता शिकलाय, शिकलेल्या माणसाला कसं बसवायचं.

पास झाला तो, चांगला पास झाला. जायच्या दिवशी काकांनी त्याचा पांढरा झगा इस्त्री करून दिला. एका झग्याला पाऊण तास. काकूने विचारलं, खाऊन जातोस? त्याचा हात छातीकडे गेला. गाडीची वाट बघत माझ्याजवळ उभा होता तेव्हा म्हणाला, "लसणाची फोडणी बसली की वास थेट वर गच्चीपर्यंत यायचा." मी म्हटलं, चहा तरी घे. म्हणाला, आत्ताच घेतला.

झीनतकाकू गेल्या हिवाळ्यात गेली. काका स्वतःच रांधतात आता, कसंबसं. आज मुलूखियाच दिसतेय, वास येतोय बघ. ताटल्या मात्र अजून तीन मांडतात.

तुझा चहा झाला. किल्ली यायला अजून तासभर आहे. तू आता पाय मोकळे करायला त्या दारावरून पुढे जाशील आणि म्हातारा तुला हाक मारेल, तो सगळ्यांनाच मारतो. एवढं माझं ऐक, बाबा. छातीवर हात ठेवू नकोस. नळ दाराशेजारीच आहे. हात धू आणि बस.