खाटेपासून दारापर्यंत

"चालत नाहीये," काका म्हणाले आणि वॉकरचा दांडा सोडून पुन्हा खाटेवर बसले.

"काय चालत नाहीये?"

"पाय. दुसरं काय?"

"अहो, हाड जुळलंय, टाके सुकलेत, एक्स-रे बघून डॉक्टर खूश होऊन गेले. पायाला काही झालेलं नाही. घोडं अडलंय ते तुमच्या डोक्यात."

माझं तोंड असंच आहे. या वॉर्डात आयाचं काम करत पडलेल्यांना उभं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि गोड बोलून कुणी खाटेवरून उठत नाही हे मला फार लवकर कळलं. व्यायामाच्या मॅडम सकाळी येतात, कुणी काय करायचं ते सांगून जातात. करून घ्यायचं काम माझं.

हे काका शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, म्हणून आमच्याकडे मशीनवाले काका. जिन्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बायको मागेच गेलेली. घरी मुलगा, सून आणि एक नात. मुलाने मॅडमना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. बाबा आपले आपण उठून बाथरूमला जाऊन आले तर घरी नेतो. नाहीतर वृद्धाश्रम बघावा लागेल. शुक्रवारी येतो, तेव्हा ठरवू." मला त्या मुलाचा राग आला. पण खरं सांगायचं तर माझ्या घरी तरी दिवसा कोण असतं? माझ्या सासूबाई अशा पडल्या असत्या तर मी काय केलं असतं, देव जाणे.

म्हणजे सगळा मामला खाटेपासून बाथरूमच्या दारापर्यंतचा होता. आणि काका काही पाऊल उचलेनात.

"आकडे मोजत चला," मी म्हटलं. "सगळे तसेच चालतात."

"आकडे नकोत. आकडे मोजले की अजून किती राहिलं तेच दिसतं."

"मग काय, बँड लावू?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, जन्मभर लोक माझ्या दुकानात मशीन आणून आदळायचे आणि एकच सांगायचे, चालत नाहीये. मी म्हणायचो, ते राहू द्या. चालतं काय ते आधी सांगा. चाक फिरतं? सुई खाली येते? जे चालतं तिथून सुरुवात केली, की कुठे अडलंय ते सापडतं."

"बरं बाई! मग सांगा, तुमचं काय काय चालतं?"

"जीभ चालते."

"ती ऐकतेच आहे मी. उठा. टाका पाऊल."

टाकलं! मी आ वासून बघत राहिले. मग भानावर येऊन म्हटलं, "आणखी?"

"डोकं चालतं. अधूनमधून." दुसरं पाऊल.

"आणि?"

"दुकान चालायचं. झकास चालायचं." तिसरं. मग घाबरून माझा दंड धरला, पण तोवर खाट मागे पडली होती.

त्या दिवसापासून तोच आमचा व्यायाम. दर पावलाला एक नवीन चालणं, एकदा वापरलेलं पुन्हा घ्यायचं नाही. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक बस कंडक्टर होता. त्याला तर करमणूकच मिळाली.

"काका, फाटकी नोट चालत नाही!" तो तिकडून ओरडला.

"चालत नाही, ते कसं चालेल?" मी म्हटलं.

"चालतं, चालतं," म्हणत काकांनी पाऊल टाकूनसुद्धा घेतलं. अख्खा वॉर्ड हसला.

गाण्याची चाल झाली, बुद्धिबळातली झाली. कामचलाऊ झालं. चालढकल आली तेव्हा मी म्हटलं, "हा तर तुमचा हातखंडा." कंडक्टरने एका साहेबाचं नाव घेऊन 'चालू माणूस' दिला, तोही घेतला. सकाळी मी चहा घेऊन गेले की काका कालच्याच्या पुढचं जमवून बसलेले असायचे, आणि खाटेखालच्या चपला त्यांनी आपल्या आपण सरळ करून ठेवलेल्या असायच्या.

एकदा मीच सुचवलं, "घर चालवणं घ्या की."

ते थांबले. अर्ध्या वाटेवर, वॉकर धरून.

"ते तिचं," म्हणाले. "मी नुसतं दुकान चालवलं. स्वयंपाकघरातून पावलं वाजायची ना, त्या चालीवरूनच मला समजायचं आज बोलायचं की गप्प बसायचं." डोळे भरून आले त्यांचे. मलाही गलबलून आलं, पण तिथे रडत बसलो असतो तर दोघंही आडवे झालो असतो.

"पुढे चला," मी म्हटलं. "त्यांच्यापुढे असा वेळ काढला असता तर बोलणी खाल्ली असतीत."

"खाल्लीच असती," म्हणाले, आणि चालले.

गुरुवारी ते दारापर्यंत पोचले. मी बोटही लावलं नव्हतं, फक्त बाजूने चालत होते. दाराच्या कडीला हात लावून ते धापा टाकत म्हणाले, "शेवटी 'चालता हो' उपयोगी पडलं बघा. मशीनचं काम शिकायला जातो म्हटलं तेव्हा वडिलांनी दिलं होतं." कंडक्टरने टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला, की घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सगळं सांगितलं. तो बिचारा दोन्ही वेळा ऐकत बसला.

शुक्रवारी मॅडमच्या आधी मुलगाच आला. खाटेच्या कडेवर टेकला. काका चालतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आल्या आल्या सांगून त्याला चकित करायचं, असं माझ्या मनात होतं, पण त्याने मला बोलायला जागाच ठेवली नाही.

"बाबा, रागावू नका. तिकडे जागा मिळत नव्हती, अचानक मिळाली. हातची जाऊ द्यायला नको म्हणून..." तो थांबला. "काल तुमचं कपाट, गादी, रेडिओ सगळं तिकडे नेऊन लावलंय. छान खोली आहे."

"आणि घरची?"

"ती आता पोरीला दिली. दहावीचं वर्ष ना. रंग लावला तिला हवा तो." मोबाइल काढून त्याने फोटो दाखवला. नात टेबलाशी बसून हसत होती.

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बराच वेळ बघितलं. "टेबल बरोबर ठेवलंय," म्हणाले. "उजेड डाव्या बाजूने येतोय."

"पण बाबा, तुम्ही चालत असाल तर नाही पाठवायचं तुम्हाला. मी सगळं परत आणीन. शब्द म्हणजे शब्द." असं म्हणाला खरं, पण बोलताना बघत होता फरशीकडे, आणि कपाळावर घाम होता त्याच्या.

तेवढ्यात मॅडम आल्या. "चला काका, दाखवा बघू."

काकांनी वॉकर धरला. अर्धे उठले. आणि मटकन खाली बसले.

"नाही जमत, मॅडम."

"अहो, काल तर..." मी तोंड उघडलं.

"काल ताईंनी धरलं होतं," काका माझ्याकडे बघत म्हणाले.

खोटं! धडधडीत खोटं! पण त्या नजरेत काय होतं कोण जाणे, मी उशी झटकायला लागले. मुलाने बापाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हुंदका दिला. "बाबा, मी दर रविवारी येईन. नक्की येईन." मग तो डोळे पुसत खाली डिस्चार्जची कागदपत्रं करायला गेला. मॅडमही पुढच्या वॉर्डात गेल्या.

मी भडकलेच. "काय केलंत हे? माझ्या मेहनतीची माती केलीत. चांगले घरी गेला असतात!"

"हळू बोला," काका म्हणाले. "घरी म्हणजे कुठे? पोरीचं टेबल बाहेर काढून तिथे मी पडायचं, आणि रोज सकाळी तिघांनी माझ्याकडे चोरासारखं बघायचं?"

"मग चालत जा तिकडे! खोटं कशाला?"

"धडधाकट बापाला तिकडे टाकलं, असं त्याच्या मनाने घेतलं की तो तोंड दाखवायला यायचा नाही, ताई. मी ओळखतो त्याला. लहानपणी काही फोडलं की तो दोन-दोन दिवस माझ्यासमोर यायचा नाही. लुळ्या बापाकडे येईल."

"आणि तुमचं काय?"

"मला चालेल."

मी चादरीची घडी घालायला लागले.

"त्याला यायला वेळ आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

"खाली रांग असते."

ते उठले. वॉकर पुढे ठेवला आणि निघाले. कंडक्टर बघत होता, त्याने मान भिंतीकडे वळवली. काका दारापर्यंत गेले, आत गेले, कडी लावली. नळाचा आवाज आला. मग हात पुसत बाहेर आले आणि तसेच परत आले, कुठेही न थांबता. मी चाकाची खुर्ची आणून उभी केली होती, तिच्यात बसले.

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. काकांनी वॉकर माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी आपलाच पाय गुडघ्याखाली धरून उचलला, लाकडाचा असल्यासारखा, आणि खुर्चीच्या फळीवर नीट ठेवला.

"ब्रेक काढा, ताई," म्हणाले. "आला तो."