मी भिजवणारच

मी शॉवर बोलतोय. न्हाणीघरातला नव्हे हं, साबणाशी माझा काडीचा संबंध नाही. मी प्रयोगशाळेच्या दाराजवळ उभा असतो. अंगावर रसायन सांडलं, की माझ्याखाली यायचं आणि दांडा खाली ओढायचा. एवढंच माझं काम.

पण मी रिकामा दिसलो, की लोकांना खुंटी आठवते. दांड्याला पिशव्या लटकल्या, कोट लटकले. एकदा चाचणीच्या वेळी शेजारच्या नव्याकोऱ्या वजनकाट्यावर माझं पाणी उडालं. झालं! सर, म्हणजे इथले प्रमुख, असे भडकले की स्वतः स्टुलावर चढून त्यांनी माझा दांडा दोरीनं वर बांधून टाकला. वजनकाटा हलवावा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. धाकटी फिनॉल ओतत होती. संशोधकांत सगळ्यांत लहान, म्हणून तिला हेच नाव पडलेलं. बाटली निसटली आणि तिची मांडी भिजली. फिनॉल मोठं लबाड. आधी जागा बधिर करतं, मग कातडीतून विष आत उतरवतं. धाकटीनं कागदानं पुसलं आणि दुखत नाहीये, उगाच पाण्याचा पसारा नको, म्हणाली. तिला धास्ती कसली, तर वजनकाट्याची! नळात पाणी असून मी बांधलेला. असा संताप आला म्हणून सांगू!

सरांनी भिजलेला कपडा पाहिला, रिकामी बाटली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. गाठ सुटेना, तेव्हा हिसडा मारून त्यांनी दोरीच तोडली.

“कपडे काढ आणि पाण्याखाली उभी राहा.”

धाकटी जागची हलेना. खोलीभर पुरुष. सरांनी अंगातला कोट काढला, पाठ फिरवली आणि कोट आडवा धरला. बाकीच्यांनीही तेच केलं. त्या कोटांच्या आडोशाला मी कोसळलो. दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबलो नाही.

धाकटी वाचली, मांडीवर डाग घेऊन कामावर परतली. वजनकाटा मात्र गेला. आता मलाच इथून हलवायची कुजबुज चाललीय. ऐकून ठेवा, माफीबिफी मी मागणार नाही. काटे दुसरे येतील. हलवायचीच तर यंत्रं हलवा. माझ्या दांड्याला हात लावायचा, तो ओढण्यासाठीच.

परवा एकानं तिथं छत्री अडकवली आणि माझ्याखालीच उभा राहून फोनवर गप्पा मारू लागला. धाकटीनं पाहिलं. छत्री तिनं काढली नाही. सरळ दांडा ओढला.