लांडोरीची ज्वारी

सोनीच्या दहाव्याला दमणगंगेच्या काठी कावळा काही पिंडाला शिवेना. आम्ही ताटकळलो. शेवटी माळावरून एक लांडोर उतरली आणि तिनं भात टिपला. त्या दिवसापासून कोंडाबाईनं मनाशी धरलं, की काविळीत गेलेली आपली एकुलती पोर लांडोर झाली. मी राखोलीच्या चाळीतला त्यांचा शेजारी. असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं, पण तिला खोटं पाडायची माझी छाती झाली नाही.

तिचा नवरा सुकदेव कारखान्यात मशीनवर असला, तरी हाडाचा धुळ्याचा शेतकरी. चाळीमागच्या त्या माळावर उन्हाळ्यात दगडांशिवाय काही उरत नाही. पाखरं लांब निघून जातात. पोर जाईल, ही कोंडाबाईची एकच धास्ती. म्हणून ब्याण्णव साली पाऊस ओसरताना सुकदेवनं दगड वेचून एक तुकडा मोकळा केला आणि ज्वारी पेरली. कापायची नाही, सगळी पाखरांना.

आणि इथंच त्या शहाण्यानं घात केला. पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळायचं, म्हणजे ते मुंग्या-पाखरांपासून वाचतं, ही त्याच्या हाताची जन्माची सवय. पाखरांसाठी पेरतानाही त्यानं सिल्वासाहून औषध आणून चोळलं! उकरलेल्या मातीत मोर आणि लांडोरी मरून पडल्या. आम्ही दोघांनी त्या पुरल्या.

"आबा, तिले सांगू नका," सुकदेव मला म्हणाला. तो लहान पोरासारखा रडत होता.

ज्वारी मात्र माजली. कणसं वाकली, पण एक दाणा कमी होईना. कोंडाबाई संध्याकाळी दारात कान लावून बसायची. "रुसली का हो पोर?" विचारायची. तिनं जेवण टाकलं.

मग दिवेलागणीला माळावरून लांडोर ओरडू लागली. कोंडाबाई पुन्हा दोन घास खाऊ लागली. त्या वेळी सुकदेव कुठे असतो, हे मला लगेच कळलं. त्याचा घसा कायम बसलेला असायचा.

मार्गशीर्षात तो तापानं फणफणला. संध्याकाळी मी त्याच्या उशाशी बसलो होतो, कोंडाबाई कपाळावर पट्ट्या ठेवत होती. तेवढ्यात माळावरून तोच आवाज आला. लांबून, स्वच्छ. सुकदेव ताडकन उठून बसला.

कोंडाबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही तं दोघं इथंच आहात," ती म्हणाली. "मंग आज कोन वरडतंय?"