मुसळीचं पहिलं झाड

त्र्यंबकच्या डोंगरातली मुसळी काढावी ती भागीबाईनेच, असं आसपासच्या गावांत म्हणत. ते ऐकून भागीबाईची मान जरा ताठच व्हायची. खोटा विनय तिला कधी जमला नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येताना तिची लेक सिंधू सासरी सांगूनच आली होती, "माझ्या आईची मुसळी दुधातनं घेतली की बाळंतीण आठ दिवसांत हिंडाय-फिराय लागते."

आता बारशाला दिंडोरीहून विहीण मालनबाई आली होती आणि ओट्यावर बसून त्या मुसळीचीच वाट बघत होती.

भागीबाई सकाळीच डोंगर चढली. मुसळीचा नेम तिला आजीकडून आलेला. पहिलं दिसेल ते आईचं झाड. त्याला तांदळाचे चार दाणे वाहायचे आणि पुढे जायचं. खणायचं ते दुसऱ्यापासून. आई उपटली की औषधाचा गुण जातो.

पण बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी सगळा डोंगर उकरला होता, आणि पाच वर्षं झाली तरी तो सावरला नव्हता. उन्हं डोक्यावर आली तोवर तिला एकच झाड सापडलं. पानं पिवळी पडलेली, म्हणजे खाली मुळ्या चांगल्या भरलेल्या. तिने कुदळ दोनदा उचलली. बघायला कोण होतं तिथे? घरात लेक अशक्त, ओट्यावर विहीण. तिला रडू आलं. मग तिने दाणे वाहिले आणि रिकामी टोपली घेऊन घरी आली.

"मिळाली नाय व्हय, इहीणबाई?" मालनबाईने विचारलं.

"एकच व्हतं. आईचं. ठिवून आले." मान खाली घालणं तिला आजही जमलं नाही.

बारशाला जमलेल्या बायकांना मालनबाईने आपणहून सांगितलं, "पोटची पोर बाळंतीण असून जिनं एकलं झाड उपटलं नाय, तिची लेक म्या सून केलीय."

भागीबाई चुलीपाशी उगाच लाकडं सारत बसली.

चार वर्षांनी सिंधूचं दुसरं बाळंतपण झालं. तोवर त्या उतारावर मुसळी पसरली होती. भागीबाई भरली टोपली घेऊन अंगणात आली, तर मालनबाई दारातच उभी. टोपलीकडे तिने पाहिलंही नाही.

"पहिलं ठिवलं ना?" तिने विचारलं.