तुऱ्याला लागलेलं कुंकू

मित्रांनो, खोगीर म्हटलं की तुम्हाला खोगीरभरतीच आठवते. हसा खुशाल. पण मी भरतीतला नव्हे. कानपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला एका स्वारासाठी माप घेऊन शिवलं. तेव्हा माझं कातडं इतकं कोरं होतं की पहिला महिनाभर मी नुसता कुरकुरत होतो. त्याला आता तीस वर्षं होत आली. ग्वाल्हेरच्या दाना ओली मोहल्ल्यात पांडुरंगरावांच्या पुढच्या खोलीत एका लाकडी तिवईवर माझा मुक्काम असतो, आणि तिथून मला घरातलं सगळं ऐकू येतं.

पांडुरंगराव घोडेस्वार पोलिसांचे उस्ताद होते. रांगडा माणूस, पण घोड्याशी बोलताना आवाज लोण्यासारखा. त्यांनी मला घेतलं ते आपल्या मुलासाठी, रमाकांतसाठी. रमाकांतची मांड फार पक्की. घोडा अडथळ्यावरून झेपावला की खालची माणसं श्वास रोखायची आणि हा वर शांत बसलेला असायचा. बक्षिसं मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. त्या फोटोत मीही होतो, हे सांगायला मला अजून बरं वाटतं.

पण रमाकांतला गुटख्याची सवय होती. ‘मोरतुरा’ नावाचा गुटखा. आधी त्याचं तोंड दोन बोटं उघडायचं, मग एक. पांडुरंगरावांनी त्याला माझ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. रमाकांतनं शपथ घेतली, ‘सोडला’ म्हणाला. तीन वर्षांनी डॉक्टरांनी त्याचा अर्धा जबडा काढला. शेवटी शेवटी पांडुरंगराव त्याला नळीनं ताक पाजायचे. रमाकांत गेला, तेव्हा त्याची मुलगी सीमंतिनी तेरा वर्षांची होती.

दिवसकार्य झाल्यावर ती पोर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आजोबा, मला शिकवा.” आजोबांनी मला तेल लावलं, रिकिबी आखूड केल्या, आणि आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. क्लबात तिला लवंगी नावाची घोडी मिळाली. नावासारखीच तिखट. सहा वर्षं आम्ही तिघांनी घाम गाळला. सीमंतिनीची मांड तिच्या बापाची होती. मी सांगतो ना, मला कळतं.

गेल्या वर्षी नवरात्रात सीमंतिनी एक नवा नमदा घेऊन आली. नमदा म्हणजे घोड्याची पाठ आणि खोगीर यांच्यामध्ये घालायचं जाड कापड. पांढराशुभ्र, मऊ, आणि कोपऱ्यात एक छोटासा सोनेरी तुरा.

“कुणी दिला गं?” आजोबांनी विचारलं.

“तुरा फाउंडेशन म्हणून आहे, आजोबा. खिलाड्यांना मदत करतात. दिल्लीच्या स्पर्धेचं सगळं तेच बघणार.”

आजोबांचे डोळे भरून आले. आमच्या घरात खंडेनवमीला शस्त्रांबरोबर खोगीर, लगाम, रिकिबी, सगळं पाटावर मांडून पूजतात. कुंकू लागलेली वस्तू मग टाकायची नाही, तिचा अपमान करायचा नाही, हा घराण्याचा रिवाज. त्या दिवशी आजोबांनी नवा नमदा माझ्याही वर मांडला आणि सोनेरी तुऱ्यावर स्वतःच्या हातानं कुंकू वाहिलं. फाउंडेशनचा अंशुल नावाचा तरुण फोटो काढत होता. “दादाजी, हाथ ज़रा ऐसे रखिए,” असं म्हणत त्यानं त्यांच्याकडून तीनदा कुंकू लावून घेतलं. आजोबा भोळा माणूस. त्यांनी तिन्ही वेळा मनापासून नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी माझ्या तंगाचं, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचं, बक्कल बदलायला आजोबा मला स्कूटरवर घालून पडाव भागात घेऊन गेले. सिग्नलला स्कूटर थांबली, आणि समोर भलामोठा फलक. त्यावर मी होतो. माझ्यावर आजोबांचा हात, बोटाला कुंकू, आणि खाली दोन हात लांब अक्षरं : ‘मोरतुरा वेलची. परंपरा शूरांची’.

सिग्नल सुटला. मागची माणसं हॉर्न वाजवत होती. आजोबांना गाडी चालू करता येईना. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि स्कूटर ढकलत घर गाठलं. बक्कल तसंच राहिलं.

सीमंतिनी घरी होती. “तुला ठाऊक होतं?” एवढंच त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, “हो. पण वेलचीच आहे ना, आजोबा. कायद्यात बसतं.”

“त्या नावाची वेलची कोण खातं गं? पोरं नाव पाठ करतात आणि टपरीवर जाऊन दुसरंच मागतात. तुझ्या बापानं काय वेलची खाल्ली होती?”

“मग मी काय करू?” तिचा आवाज चढला. “मैदानावर कुणाची नावं नाहीत? कुणी दारू विकतो, कुणी जुगार. सगळे घेतात. मैं अकेली क्यों संत बनूँ? लवंगीला दिल्लीला न्यायचं कसं, ते सांगा!”

“नाही न्यायचं. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस. माझ्या हातानं कुंकू लावून घेतलंस तू. आता तो नमदा मी जाळूही शकत नाही, फेकूही शकत नाही.”

सीमंतिनी रडली. पण गेली. मला न घेता. कंपनीनं तिला नवं खोगीर दिलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना तोच तुरा ठसवलेला. जाताना तिनं माझ्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता उचलेल. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला एवढीच आशा असते, आणि ती मोडली की फार लागतं. सहा वर्षं मी तिच्या पडण्याचे धक्के खाल्ले होते.

दिल्लीहून फोन आला. दुसरा नंबर आला होता. आजोबांनी विचारलं, “घोडी ठीक आहे ना?” आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला मांडीवर घेतलं. “ती येईल परत,” ते मला म्हणाले. “तोवर तुझ्या पोटातली लोकर बदलू. चपटी झालीय.” कोपऱ्यातला चाकू घेऊन त्यांनी माझ्या पोटाची शिवण उसवली, बोटं आत घातली आणि जुनी लोकर ओढली. लोकरीबरोबर एक पुडी बाहेर आली. निळी, चुरगळलेली, वर मोर. मग दुसरी. मग मूठभर. सगळ्या रिकाम्या. शपथ घेतल्यानंतरच्या तीन वर्षांतल्या.

रमाकांत घोड्यावरून उतरला की टाका सैल करून पुडी माझ्या पोटात कोंबायचा आणि टाका पुन्हा ओढून घ्यायचा. मला सगळं माहीत होतं. शपथ माझ्यावरच हात ठेवून घेतली होती, आणि ती मोडलेली मीच पोटात वागवत होतो.

पांडुरंगरावांनी पुड्या एकेक करून चटईवर मांडल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुलाही ठाऊक होतं तर,” ते म्हणाले.

त्यांनी मला पुन्हा शिवलं नाही. उसवलेला मी तिवईवर तसाच आहे.

मित्रांनो, कंपनीला दोष द्या, द्यायलाच हवा. पण तुमच्या घरातलं कुणी काही लपवत असेल, आणि तुम्हाला ते दिसत असेल, तर बोला. भांडण होईल, होऊ द्या. मी खोगीर आहे, मला बोलता येत नव्हतं. तुमच्याकडे ही सबब नाही.